बावीस आयते

“या तीन लुगड्यांवर किती वाट्या देता वो बाई?”

चिचटोला गावात घर नंबर सत्तेचाळीसच्या अंगणात मी पाय ठेवते न ठेवते तोच समोर जुन्या लुगड्यांचं गाठोडं सुटलं. एक बाई ऐसपैस मांडी घालून बसली आणि माझ्या पिशवीतल्या स्टीलच्या वाट्या एकेक काढून बोटानं टणटण वाजवायला लागली.

“बाई, मी भांडेवाली नाही,” मी म्हणाले.

“हाव न, सुरुवातीले सगळ्या असंच म्हणतात. हे पाहा, जरीकाठी आहे. एकडाव नेसली फक्त.”

“मी विद्यापीठातून आले आहे. पोषणाच्या सर्वेक्षणासाठी.”

“बरं बाप्पा, मंग दोनच वाट्या द्या. अन् भाताचा एक गंज.”

मागे कोणीतरी खो-खो हसलं. मी वळून पाहिलं, तर दारात एक पांढराफटक माणूस उभा! केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यांवरसुद्धा पांढरी भुकटी. त्या सगळ्या पांढऱ्यात दोन काळेभोर डोळे तेवढे माझ्याकडे बघून चमकत होते.

“माय, अवो त्या मोजणीवाल्या मॅडम होत. ग्रामपंचायतीत कागद नोता लागला का?” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे, “पण मॅडम… जरीकाठीवर दोन वाट्या तरी सुटायले पाहिजे होत्या.”

आता मी आधीच सांगून टाकते, मला राग लवकर येतो. माझे बाबा जवाहरनगरच्या फॅक्टरीत वजन-तपासणीला आहेत. गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही, असं ऐकतच मी त्या क्वार्टरमध्ये वाढले. त्यामुळे चेष्टा करणाऱ्या माणसाकडे बघून हसण्याची सवय मला कोणी लावली नव्हती. मी वाट्या गोळा केल्या, पिशवीत भरल्या आणि म्हणाले, “मी रत्नमाला मेश्राम. मानव पोषण संशोधन गट. घरात एक बाई आणि एक पुरुष हवा. बसा.”

तो बसला. अंगावरचा धानाचा कोंडा झटकला, तो सगळा माझ्या फॉर्मवर आला.

आमचं काम काय, तेही सांगते. नागपूरहून आमच्या गटाच्या प्रमुख, डॉ. रुखमिणी भोयर मॅडम, यादी पाठवायच्या. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तरी विद्यापीठाच्या यादीत गोंदियात गेलेली गावं होतीच. ती मी लाल पेननं खोडली आणि उरली त्यात लाखनी-पवनीकडची शहाण्णव घरं माझ्या वाट्याला आली. प्रत्येक घरात आठ-आठ दिवसांच्या अंतरानं तीनदा जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, काल काय जेवलात? सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, एकूण एक घास. भात कुठल्या मापाच्या वाटीनं, वरण पातळ की घट्ट, भाजीत तेल किती. मग लाखनीच्या आमच्या भाड्याच्या खोलीत माझी मैत्रीण खुशबू ते संगणकात भरायची आणि किती ऊर्जा, किती लोह, किती प्रथिनं ते बाहेर यायचं.

नियम तीन. एक, सर्वेक्षणाच्या घरात पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आपण जेवलो तर त्यांच्या ताटातलं कमी होतं आणि आकडा बिघडतो. दोन, समोरचा काहीही सांगो, चेहऱ्यावर आश्चर्य दाखवायचं नाही. “इतकं?” नाही, “एवढंच?” नाही. फक्त, “आणखी काही?” आणि तीन, एक जरी फॉर्म खोटा निघाला तरी त्या मुलीचे सगळेच्या सगळे फॉर्म बाद.

हिवाळा संपता संपता काम संपणार होतं आणि ज्या मुलीचे फॉर्म चोख, तिला तीन वर्षांची संशोधन सहायकाची जागा मिळणार होती, पीएचडीच्या नोंदणीसकट. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की मी स्वप्नातसुद्धा लोकांना काल काय जेवलात म्हणून विचारायचे.

त्या घरचे मालक हिरालालजी बाजेवर बसून होते. त्यांनी पहिल्या प्रश्नालाच हात जोडले.

“काल काय जेवलो ते मले आठवत नाही जी. अन् आठवलं तरी हिच्यासमोर सांगत नाही.”

लुगडीवाल्या विमलाबाईंनी त्यांच्याकडे एक नजर टाकली. त्यांना काय सांगायचं नव्हतं, ते मी आजही विचारलेलं नाही. मग पुरुष म्हणून उरला त्यांचा मुलगा, अतुल रामटेके. वय सत्तावीस, शिक्षण आयटीआय फिटर, व्यवसाय गावातली धानाची गिरणी.

“वजन करायचंय. काट्यावर उभे राहा.”

“त्रेसष्ट?” तो वाकून बघत म्हणाला. “त्यातला अर्धा किलो कोंडा कमी करा, मॅडम.”

“आता उंची. टाचा भिंतीला लावा. मान सरळ. समोर पाहा.”

“समोर तर तुमी आहा.”

“मग माझ्या मागच्या बुद्धविहाराच्या भिंतीकडे पाहा.”

“ते दिसत नाही न… मध्ये तुमी आहा.”

मी उंची लिहिली. एकशे एकाहत्तर. ती मी खोडून पुन्हा लिहिली, कारण आधी घाईत एकशे सतरा लिहिली होती. माझ्या हातून आकडा चुकत नाही. लाखनीपर्यंत जीपमध्ये मी स्वतःवरच चिडून बसले होते.

पण एक कबूल करायला हवं. त्या दिवशी त्यानं जे सांगितलं, ते मी शहाण्णव घरांत दुसऱ्या कोणाकडून ऐकलं नाही. लोक सांगतात, भात खाल्ला, भाजी खाल्ली. हा म्हणाला, “सकाळी तीन आयते. आमची माय नव्या तांदळाच्या पिठाचे पातळ-पातळ टाकते, तव्यावरून काढल्यावर उजेडात धरले तं पलीकडचं दिसते. त्याच्यासंगं वांगे अन् पोपटाच्या शेंगाची भाजी, ही चौथी वाटी. पोपटाचे दाणे कवळे होते… दोन दाणे खाली पडले, ते धरू नोका.”

मी ते दोन दाणे वजा केले. इतका चोख माणूस मला अजून भेटला नव्हता. माझं मत किती चुकीचं होतं, ते पुढे येईलच.

निघताना विमलाबाईंनी ताटलीत आयते आणले. मी नियम सांगितला. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

“घरी आलेलं माणूस उपाशी जाऊन राहिलं,” त्या हिरालालजींना म्हणाल्या, “अन् म्हणे हे पोषणवाले होत!”

दुसऱ्या खेपेलाही सगळं नीट झालं. त्याच दिवशी शेजारच्या चंद्रभागाबाईंकडे मला ठरल्यापेक्षा एक खेप जास्त करावी लागली होती, म्हणून विमलाबाईंनी सहज विचारलं, “तिच्याकडे काहून जास्त डाव जाता वो तुमी?”

“त्यांची एकादशी होती. दिवसभरात नुसता चहा आणि शेंगदाणे. एवढा कमी आकडा संगणकाला पटत नाही, तो लाल करतो. फार कमी किंवा फार जास्त आलं की लाल. आणि लाल झालं की मला पुन्हा यावं लागतं.”

मी हे बोलत होते तेव्हा अतुल अंगणात सायकलीची चेन बसवत होता. त्याचे हात थांबले. हे मला तेव्हा दिसलं, पण कळलं नाही. हुशार मुली अशा ठिकाणीच माती खातात.

तिसरी खेप. शेवटची. त्या दिवशी अतुलनं अंघोळ करून, केस विंचरून, कोंड्याचा एक कण अंगावर न ठेवता बैठक मारली होती.

“काल सकाळी काय खाल्लं?”

“आयते.”

“किती?”

“बावीस.”

माझं पेन थांबलं. चेहऱ्यावर आश्चर्य दाखवायचं नाही. मी ते दाखवलं नाही. माझ्या भुवयांना किती कष्ट पडले ते मलाच माहीत.

“आणखी काही?”

“हाव. भात. त्या सगळ्यात मोठ्या वाटीनं… नऊ वाट्या.”

“आणखी काही?”

“तुमी विचारूनच राहिल्या तं मंग — गूळ. पावभर.”

“आणखी… काही?”

तो माझ्याकडे बघत राहिला. ऊन त्याच्या खांद्यावर आलं होतं आणि त्याला हसू आवरत नव्हतं. “आणखी आहे जी, पण आज एवढंच लिहा.”

विमलाबाई तेव्हा परसात होत्या. त्यांचा फॉर्म मी नंतर तिथे जाऊन भरला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे काल घरात एकूण सहा आयते झाले होते. मी तेही तसंच लिहिलं. दोन्ही फॉर्म एकाखाली एक ठेवले, आणि तेव्हाच खाली असलेला ‘शेरा’ नावाचा रकाना माझ्याकडे बघायला लागला. माहितीबद्दल शंका असेल तर ती तिथे लिहायची असते.

मी तो रिकामा सोडला. का सोडला, ते मी त्या दिवशी स्वतःलाही विचारलं नाही.

“लाल!” संध्याकाळी खुशबू ओरडली. “सहा हजार कॅलरीच्या वर गेलाय हा! रत्ना, हा माणूस जिवंत आहे का?”

“होता. मी निघाले तेव्हा होता.”

म्हणजे पुन्हा चिचटोला. या वेळी त्यानं काल दिवसभरात फक्त एक जाम, म्हणजे पेरू, खाल्ला होता. “लहानसा होता. अन् अर्धा पोपटानं… म्हणजे पक्ष्यानं, टोचला होता. तेवढा वजा करा.” पुन्हा लाल. त्याच्या पुढच्या वेळी चौदा उकडलेली अंडी आणि तळ्यातली दोन किलो मासोळी. लाल. सहावी खेपही लाल. गटात कोणाच्याही नसतील एवढ्या खेपा माझ्या घर नंबर सत्तेचाळीसला झाल्या. मी रागावून जायचे आणि रागावूनच यायचे, पण खुशबूनं एक दिवस मला आरशासमोर पकडलं.

“आज कोणत्या गावाला?”

“चिचटोला.”

“तरीच! पवनीकडच्या घरांना तर तू केस न विंचरताच गेली होतीस.”

“जीप उघडी असते, केस उडतात.”

“पवनीला बंद जीप होती का वो?”

मी तिच्या अंगावर फणी फेकली. पण खरं सांगू? मला त्या अंगणाची वाट पाहायची सवय लागली होती. त्याच्या गिरणीचा फट-फट आवाज वळणावरूनच यायचा, आणि जीप दिसली की तो आवाज बंद व्हायचा. सगळ्या गावाचं धान खोळंबायचं आणि हा पांढरा माणूस धावत घराकडे निघायचा. मला ते आवडायचं. मला तो आवडायचा… आणि मी त्याला दर खेपेला विचारायचे, आणखी काही? आणि तो दर खेपेला म्हणायचा, आहे जी, पण आज एवढंच लिहा.

मग भोयर मॅडम तपासणीला आल्या.

मॅडम बारीक, ताठ, पांढऱ्या सुती साडीत. आवाज कधी चढत नाही, त्यामुळेच सगळे घाबरतात. त्यांनी घर नंबर सत्तेचाळीसचे कागद टेबलावर पसरले आणि चष्मा काढून ठेवला.

“सहा खेपा. त्यातल्या चार लाल. बावीस आयते, पावभर गूळ. दुसऱ्यांदा एक जाम. रत्नमाला, हा माणूस आहे की त्याची गिरणी?”

“मॅडम, त्यांनी जे सांगितलं ते लिहिलं.”

“शेऱ्यात काहीच नाही. बावीस आयत्यांबद्दल तुला शंका आली नाही?”

मी त्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं.

“मी तीस वर्षं हेच काम करते आहे. झाडाखाली बसून मनानं भरलेले फॉर्म मी पुष्कळ पाहिलेत. त्यात असेच आकडे असतात.” त्या उठल्या. “सोमवारी बैठक आहे. तोपर्यंत हे खरं कसं ते मला दाखव. नाही तर शहाण्णव घरं बाद. आणि जागेचं तर विसरच.”

सहा महिने! सहा महिने मी त्या वाट्या वाजवत बांधाबांधावरून फिरले होते. कुत्री मागे लागली होती, एका गावात मला पोलिओवाली समजून सगळी पोरं पळाली होती. आणि आता मी खोटी? वजन-तपासणीवाल्या मेश्रामांची मुलगी खोटी?

मी तडक एसटीनं चिचटोला गाठलं. गिरणी सुरू होती. आत चार-पाच माणसं पोती घेऊन बसलेली, आवाज असा की कानठळ्या बसाव्यात. अतुलनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. तेवढ्यानं माझा राग आणखीच वाढला. मी चिडले की माझी फॉर्मवाली मराठी कुठल्या कुठे पळते.

“काहून खोटं बोलले तुमी?” मी ओरडले.

“काय म्हणता?” त्यानं कानाला हात लावला.

“खोटं! आयते! बावीस!”

“ऐकू नाही येऊन राहिलं!”

त्यानं घाईघाईनं पट्टा काढला, मशीन बंद झाली आणि मी नेमकी तेव्हाच छाती भरून ओरडले, “तुमच्यापायी सोमवारी लाखनीच्या बैठकीत माझे शहाण्णव घरं बुडून राहिले! माझी नोकरी गेली! मी तुमच्यावर एवढा विश्वास ठेवला, ते दोन पोपटाचे दाणेसुद्धा वजा केले मी!”

सगळं गाव ऐकत होतं. पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हळूच शेजारच्याला विचारलं, “कोणते दाणे बाप्पा?”

अतुलचा चेहरा पार उतरला. “नोकरी? मले वाटलं, फक्त पुन्हा या लागते तुमाले… एवढंच.”

“कायले सांगितलं तसं? कारण सांगा.”

त्यानं त्या चार-पाच माणसांकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. “अथी सगळ्यायसमोर नाही सांगत. सांगितलं तं तुमी अजून चिडाल.”

“मग नका सांगू!” आणि मी निघून आले. एसटीत खिडकीशी बसले तेव्हा डोळे भरून आले, आणि ते नोकरीसाठी की कशासाठी, ते मला वेगळं करून मोजता आलं नाही.

सोमवार. लाखनीच्या खोलीत बैठक. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग, हॉर्न, डिझेलचा वास. आम्ही सात मुली भिंतीला टेकून, मॅडम टेबलाशी, खुशबू संगणकापुढे. माझी पाळी आली आणि मी उभी राहिले. हातात काहीच नव्हतं.

“मॅडम, मी फॉर्म मनानं भरले नाहीत. यापेक्षा जास्त मला दाखवता येत नाही.”

तेवढ्यात दार वाजलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला अतुल आणि त्याच्या मागे जरीकाठी लुगडं नेसलेल्या विमलाबाई. तेच लुगडं. माझ्याकडून वाट्या सुटल्या नाहीत, म्हणून एवढे दिवस ठेवून दिलेलं.

“कोण आपण?” मॅडमनी विचारलं.

“मी सत्तेचाळीस, मॅडम,” अतुल म्हणाला. “घर नंबर सत्तेचाळीस. अन् मी खोटं बोललो जी. या मॅडमनं जे मी सांगितलं ते लिहिलं. मी एक डाव बावीस आयते नाही खाल्ले. तीन खाल्ले. तो जामही नव्हता, त्या दिवशी मी नेमानं दोन टाइम जेवलो. अंडे तं आमच्याकडे चौदा नसतेच.”

“बावीस!” विमलाबाई मध्येच फुटल्या. “अवो बाई, माझ्या घरी त्या दिवशी तेवढं पीठच नव्हतं! सहा टाकले मी, सहा! मी सांगितलं न लिहून घ्यायले!”

मॅडम थांबल्या. त्यांनी फायलीतून विमलाबाईंचा त्याच दिवसाचा फॉर्म काढला. एकूण आयते, सहा. अतुलचा फॉर्म. आयते, बावीस. दोन्ही शेजारी ठेवले आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, मग दुसरा गेला.

“घरी बसून फॉर्म भरणारी मुलगी,” शेवटी त्या हळू म्हणाल्या, “आई-मुलाचे आकडे जुळवून लिहिते. तेवढी अक्कल तर प्रत्येकीला असते.” त्यांनी चष्मा घातला. “पंचाण्णव घरं राहतील. सत्तेचाळीस बाद. खुशबू, नोंद घे. माहिती चुकीची देण्याचं कारण?”

खुशबूनं पडद्यावरचे पर्याय वाचले. “एक, आठवत नाही. दोन, संकोच. तीन, वेळ नाही. चार, इतर.”

“इतर,” अतुल म्हणाला.

“इतर घेतलं की ‘स्पष्ट करा’ येतं,” खुशबू म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा गोड झाला होता.

अतुलनं आईकडे पाहिलं. विमलाबाईंनी पदर सावरला आणि छताकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. ते संगणकापेक्षा जास्त लाल होते.

“या मॅडम…” तो म्हणाला, “पुन्हा याव्या म्हणून.”

खुशबूची बोटं कळफलकावर टकटक चालली. मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे वळल्या.

“आणि रत्नमाला, तुझा शेरा रिकामा का?”

“चूक झाली, मॅडम. शंका आली होती. लिहिली नाही.”

“का लिहिली नाही?”

मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. माझ्या गालांचं तापमान कोणी मोजलं नाही, ते बरं झालं.

मॅडमनी तो फॉर्म फायलीत परत ठेवला. “बरं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी झालं, पण त्या भोयर मॅडम असल्यामुळे त्याला हसू म्हणायचं धाडस कोणी केलं नाही. “जागा तुझी. पण पहिले तीन महिने दुसऱ्यांचे फॉर्म तपासायचे. शेऱ्याचा रकाना कशासाठी असतो ते नीट शिकशील. आणि त्या घराची बाद झाल्याची सही घेऊन ये. कागद अर्धवट ठेवायचा नाही.”

सही तिथेच घेता आली असती. माणूस समोर उभा होता, पेन माझ्या हातात होतं. पण मॅडम “घेऊन ये” असंच म्हणाल्या, आणि मी वरिष्ठांचं ऐकते.

दुसऱ्या दिवशी वळणावर गिरणीचा आवाज आला आणि बंद झाला.

अंगणात ऊन होतं. खांद्यावर वजनकाटा नाही, पाठीवर उंचीची पट्टी नाही, वाट्यांची खळखळ नाही. हात इतके मोकळे, की त्यांचं काय करायचं ते मला कळेना. हिरालालजींनी बाज पुढे केली. अतुलनं सही केली, एका जागी, मग दुसऱ्या जागी. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

“झालं म्हणजे?” विमलाबाईंनी चुलीजवळून विचारलं. “आता आमचं घर तुमच्या यादीत नाही?”

“नाही.”

“मंग तुमचा नियम बी नाही.” आणि माझ्यापुढे ताट आलं. आयते, वांगे-पोपटाची भाजी, वर तिखटाची चटणी. मी पहिला आयता उचलला आणि उजेडात धरला. पलीकडे अतुल दिसला.

मी जेवायला लागले. सहा महिने मी माणसांच्या जेवणाबद्दल ऐकत होते आणि जीपमध्ये बसून कोरडी पोळी खात होते. तो आयता इतका चांगला होता, की मला बोलता येईना. विमलाबाई समाधानानं आत गेल्या, जाताना त्यांनी हिरालालजींनाही बाजेवरून उठवून सोबत नेलं.

“रागावल्या आहा का अजून?” अतुलनं विचारलं.

“हो.”

“किती?”

“मोजला नाही.”

तो माझ्या समोर बसला. मीच बसायचे तसा, मांडीवर रिकामा हात ठेवून, जणू फॉर्म धरला आहे. कोंडा त्याच्या पापण्यांवर तसाच होता.

“मॅडम, एक विचारू? तुमी एवढ्या घरी गेल्या, एवढ्या लोकायले विचारलं. तुमाले कोणी विचारलं का कधी?”

“काय?”

“काल काय जेवल्या तुमी?”

माझा घास हातातच राहिला. खरंच, कोणी विचारलं नव्हतं. इतक्या अंगणांत, इतक्या ओसऱ्यांवर बसून मी हा प्रश्न सहाशेच्या वर वेळा विचारला असेल, आणि कोणालाही असं वाटलं नव्हतं की हिलाही काल भूक लागली असेल. आणि काल मी काहीच जेवले नव्हते. बैठकीनंतर घास उतरलाच नव्हता. आनंदानं. हे मी त्याला सांगू शकले असते. ते खरं होतं, गुंजभर कमी नाही, गुंजभर जास्त नाही.

“खरं सांगा बरं,” तो म्हणाला. “नियम माहीत आहे न? जास्तीचं सांगितलं तं मले पुन्हा यावं लागंल. तुमच्या घरी. जवाहरनगरले.”

मी ताटाकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात मी कधी खोटा आकडा सांगितला नव्हता.

“बावीस आयते,” मी म्हणाले.

त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसलं. दाखवायचं नसतं, पण तो काही शिकलेला सर्वेक्षक नव्हता. आतून विमलाबाईंच्या बांगड्या थांबल्या.

“आणखी काही?” त्यानं अगदी हळू विचारलं.

“आहे,” मी म्हणाले, “पण आज एवढंच लिहा. आणि याल तेव्हा कोंडा झटकून या. बाबा माणूस वजन करूनच घरात घेतात.”